बंड्याची मोकळीक

शहरात कुत्रा पाळणे म्हणजे एका दोरीच्या दोन टोकांना दोन जिवांनी स्वतःला बांधून घेणे. एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला मालक. यातले कोण कोणाला फिरवते आहे, हे फक्त समोरून येणाऱ्यालाच नक्की सांगता येते.

आमचा बंड्या जातीने लॅब्रेडॉर, वयाने चार वर्षांचा, वजनाने चौतीस किलो आणि वृत्तीने पेन्शनर आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत तो आमच्याबरोबर राहतो. त्याचे जग लिफ्टपासून सुरू होते आणि कोपऱ्यावरच्या तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी संपते. सोसायटीच्या बागेत त्याला मज्जाव आहे, तशी पाटीच आहे. टेकडीवर नेले तर सकाळच्या फिरस्त्यांपैकी निम्मे लोक "किती गोड!" म्हणतात आणि उरलेले निम्मे काठी उगारतात. त्यामुळे मनगटाला वेढा देऊन पट्टा धरणे हे माझ्या हाताला इतके अंगवळणी पडले आहे, की एकदा बाजारात भाजीची पिशवीही मी तशीच धरून ओढत होतो, असे आमच्या मंडळींचे म्हणणे आहे.

परदेशी लोकांनी या दुखण्यावर तोड काढली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी १९७९ साली कुत्र्यांसाठी वेगळे मैदान निघाले. चारही बाजूंनी कुंपण, आत शिरले की पट्टा काढायचा आणि कुत्र्याला मोकळे सोडायचे. अशा मैदानांत हे पहिले मानतात. आता तिकडे गावोगाव अशी मैदाने झाली आहेत. काही तर मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली, खडक, झाडी, ओढा असलेली. आपल्याकडेही हैदराबादच्या महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात सव्वा एकराहून थोड्या मोठ्या जागेत कुत्र्यांची बाग केली. तिची छायाचित्रे मुलांनी मला दाखवली. उड्या मारायच्या कमानी, हिरवळ आणि तीवर लोळणारी सुखवस्तू कुत्री. "बाबा, आपल्या बंड्याला असं कधी मिळणार?" असा प्रश्न घरात रोज जेवणाच्या वेळी निघू लागला.

शेवटी हा प्रश्न माझ्या मेहुण्याने सोडवला. तो यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला शाळेत मास्तर आहे. फोनवर म्हणाला, "भाऊजी, पार्क कसले शोधता? बंड्याला घेऊन इकडे या. आमच्याकडे कुंपण सोडून बाकी सगळं आहे."

तेव्हा गेल्या पौषात संक्रांतीचा मुहूर्त साधून आम्ही निघालो.

कुत्र्याला घेऊन आगगाडीने जाणे हा एक स्वतंत्र पुरुषार्थ आहे. रेल्वेच्या नियमात कुत्र्याला दोनच जागा. एक गार्डाच्या डब्यातली पेटी, नाहीतर वातानुकूलित पहिल्या वर्गातला सबंध कूपे आपल्या नावावर करून घेतलात तर तुमच्या पायाशी. बंड्याला पेटीत घालायची कल्पना ऐकूनच सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. सबब आयुष्यात प्रथमच मी पहिल्या वर्गाने प्रवास केला तो कुत्र्याच्या पुण्याईने. रात्रभर तो दाराशी नाक लावून निजला होता आणि प्रत्येक स्टेशनावर चहावाल्याच्या हाळीला हुंकार देत होता.

वर्ध्याला उतरलो. मेहुणा गाडी घेऊन आला होता. हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी अशी एकेक गावे मागे पडू लागली. हा श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्याचा जुना क्रमांक सात, आता चव्वेचाळीस. दोन्ही अंगांना काळी जमीन, तिच्यात वेचणी होत आलेला कापूस, वाळून खुळखुळणारी तूर. क्षितिजावर सागाच्या टेकड्या. कापसाच्या गाड्यांतून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना असे चिकटले होते, की कोणी ओळीने संक्रांतीचा तिळगूळच वाटत गेले असावे. करंजी गेली आणि थोड्याच वेळात मेहुण्याने जाहीर केले, "आलं आमचं गाव."

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याला नाव एका गावाचे आणि कचेरी दुसऱ्या गावात, असा हा प्रकार आहे. केळापूर जवळच आहे, तिथे जगदंबेचे जुने देवस्थान आहे आणि नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. दक्षिणेला पाटणबोरी ओलांडून पैनगंगेच्या पलीकडे गेले की तेलंगणा लागतो. त्यामुळे बाजारात कानावर वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा एकाच वेळी पडतात. बंड्याला या चारही भाषांतून लोकांनी एकच प्रश्न विचारला असावा. मला त्यातला वऱ्हाडी तेवढा समजला.

"काय जी, हे कुत्रं हाये का वासरू?"

गावाशेजारून जी नदी वाहते तिचे नाव खुनी. हे ऐकून आमची धाकटी कन्या मामाला घट्ट बिलगली. नदी मात्र पौषातल्या उन्हात अगदी गरीब गाईसारखी खडकांतून वाट काढत चालली होती. बंड्याने काठावर उभे राहून तिचे पाणी चाटले आणि नावाचा धसका कायमचा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मेहुणा आम्हांला त्या माळावर घेऊन गेला. गावाची शेवटची घरे संपतात, पऱ्हाटीची चार वावरे लागतात आणि मग जमीन एकदम उघडी पडते. मुरूम, काळे दगड, मधूनच एखादी घळ. बोरी, बाभळी, पळस आणि आपल्याकडची घाणेरी, जिला तिकडे रायमुनिया असे कवितेत शोभणारे नाव आहे. गुडघाभर वाळलेले कुसळी गवत. परदेशी कुत्र्यांच्या बागेत हजारो रुपये खर्चून जे खडक आणून टाकतात, ते इथे देवाने फुकट आणि भरपूर टाकले होते.

मी बंड्याचा पट्टा सोडला.

बंड्या हलला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. पट्टा सुटला आहे हे त्याला समजले होते, पण त्यानंतर काय करायचे असते हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. मुलांनी "पळ, बंड्या, पळ!" असा एकच गिल्ला केला. तेव्हा तो चार पावले गेला, एक दगड हुंगला, मग दुसरा हुंगला आणि मग त्याच्या अंगात कसला संचार झाला कोण जाणे! कान मागे टाकून तो जो सुटला तो त्या माळाला तीन फेऱ्या घालून, अंगभर कुसळे आणि गोखरू माळून, जीभ हातभर बाहेर काढून आमच्यापुढे येऊन आडवा झाला. चार वर्षांत त्याला मी असे हसताना पाहिले नव्हते. कुत्री हसतात. ज्यांनी कुत्रा पाळला नाही त्यांनी यावर वाद घालू नये.

एवढ्यात माळाची मालक मंडळी आली. गावातली दोन भुरकी, एक तिरंगी आणि एक कान तुटलेला म्हातारा बोका असावा तसा कुत्रा. मी पट्टा घेऊन पुढे धावणार तोच मेहुण्याने हात धरला. "थांबा भाऊजी. त्यांचं त्यांना बोलू द्या."

चौघांनी बंड्याभोवती रिंगण धरले. शेपट्या ताठ. मग कानतुटक्या पुढे झाला. त्याने पाहुण्याला मागून पुढून यथासांग हुंगले. बंड्याने जन्मात कधी न दाखवलेला विनय दाखवून मान बाजूला वळवली. कानतुटक्याने एका दगडावर पाय वर केला आणि निघून गेला. सभा बरखास्त झाली. वाटले, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या मंडळींना एकदा निरीक्षक म्हणून बोलवायला हवे.

हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागले, की हा माळ बिनकुंपणाचा दिसतो तितका मोकळा नाही. कानतुटक्याची हद्द पहिल्या घळीपर्यंत. घळीपलीकडे दुसरा कळप. वावरात पीक उभे असले की बांधाच्या आत पाय टाकायचा नाही, नाहीतर गोफणीचा दगड येतो. कोंबड्यांकडे पाहायचेही नाही. हे सारे नियम त्या कुत्र्यांना तोंडपाठ होते आणि एकाही नियमाची पाटी कुठे लावलेली नव्हती.

सर्वांत मोठा नियम मात्र आम्हांला एका गायकीने समजावला. तिकडे गुराख्याला गायकी म्हणतात. साठीच्या पुढचा, काटक, डोक्याला पंचा आणि खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला हा म्हातारा रोज सकाळी गावची ढोरे घेऊन त्या माळावरून जाई. त्याच्याबरोबर दोन कुत्री असत. काळ्या नावाचा तरुण कुत्रा आणि राणी नावाची थोराड, लालसर, नाकावर जखमेचा वण असलेली कुत्री. माझ्या हातातला पट्टा पाहून त्याला फार नवल वाटले.

"कायले बांधता जी त्याले?"

"पळून जाईल म्हणून," मी म्हणालो.

"भाकर तुमी देता, मंग जाईन कुठी?" त्याने विचारले. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने लांबवर बोट केल्यासारखे दाखवले. "तो मोठा पयस दिसते ना? तिथलोक सोडा. त्याच्या पल्याड नाई. तिथून त्याचं राज्य लागते."

'त्याचं' म्हणजे कोणाचं, हे त्याने सांगितले नाही. तिकडचे लोक सकाळच्या वेळी ते नाव घेत नाहीत.

पांढरकवडा म्हटले की वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला २०१८ साल आठवते. या गावाच्या आणि शेजारच्या राळेगाव तालुक्याच्या रानात टी-वन नावाची वाघीण होती. लोकांनी तिला अवनी हे नाव दिले. दोन वर्षांत तेरा माणसांचा बळी गेल्याचे खापर तिच्यावर होते. मेहुणा सांगत होता, त्या पावसाळ्यात अंधार पडायच्या आत गावे दारे लावून घेत. कापूस वेचायला बायका जायच्या त्या घोळक्याने, आणि घोळक्याभोवती काठ्या घेतलेले पुरुष उभे राहायचे. तिला शोधायला वनखात्याने काय काय नाही केले! झाडाझाडांना कॅमेरे बांधले, हत्ती आणले, आकाशातून पॅराग्लायडर फिरवला, कॅल्विन क्लाइन कंपनीचे 'ऑब्सेशन' नावाचे पुरुषांचे अत्तर रानात शिंपडले. मार्जारकुळाला त्याचा वास भुरळ घालतो म्हणून.

आणि कुत्री आणली. प्रसिद्ध गोल्फपटू ज्योती रंधावा यांची दोन कुत्री ऑक्टोबर महिन्यात इथे आली. केन कोर्सो या इटालियन जातीची, छातीने रुंद, जबड्याने भक्कम. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, त्यांना पाहायला गावं लोटली होती. आमची पोरं वाघीण विसरून कुत्र्यांच्या गोष्टी करायची." पण परक्या रानात, डोक्याइतक्या रायमुनियात त्या बलदंड कुत्र्यांच्या हाती वाघीण लागली नाही. पुढे २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, ऐन दिवाळीच्या तोंडावर, बोराटी गावाजवळ ती गोळीला बळी पडली. मागे तिची दहा महिन्यांची दोन पिल्ले राहिली. त्यांतल्या मादी पिल्लाला डिसेंबरात पकडून पेंचला हलवले. तिला मारले ते योग्य की अयोग्य, हा वाद पुढे पुष्कळ चालला. तेरा घरांतली चूल ज्या दिवशी विझली त्या दिवसाबद्दल शहरात मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि आईवेगळ्या पिल्लांबद्दल गावात बोलायची सोय नव्हती. दोन्हीकडची दुःखे खरी होती, पण ती एका ठिकाणी बसून बोलली नाहीत.

एक दिवस बंड्याला घरी वहिनींच्या हवाली करून आम्ही टिपेश्वरला गेलो. पांढरकवड्याहून सुन्ना गावच्या फाटकातून आत शिरता येते. हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. विस्तार १४८ चौरस किलोमीटरांच्या थोडा वर. टिपाई देवीवरून त्याला नाव पडले. सागाचे रान, मध्येच हिरवी कुरणे, नीलगाई, ज्यांना तिकडे रोही म्हणतात, आणि पाण्यावर आलेली चितळे. वाघ आम्हांला दिसला नाही. त्याच्या पंजाचा उमटलेला ठसा तेवढा धुळीत पाहिला. मुले हिरमुसली. मला मात्र तो ठसा पाहूनच पुरेसे वाटले.

परतीच्या वाटेवर मेहुण्याने जी हकीकत सांगितली ती मी विसरणार नाही. याच टिपेश्वरात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ-पट्टा बांधला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो हक्काचा मुलूख शोधायला घराबाहेर पडला. महाराष्ट्रातून तेलंगणात, तिथून परत महाराष्ट्रात. शेते, कालवे, हमरस्ते, गावांचे उकिरडे ओलांडत, दिवसा झुडपात दडून आणि रात्री चालत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढच्या वसंतात त्याचा पट्टा काढला, तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली होती. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले.

मी मनाशी हिशेब केला. या मुलखात कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नाही आणि वाघाच्या गळ्यात होता. पट्टा नसलेले कुत्रे पळसाच्या झाडापाशी थांबते, आणि पट्टा असलेल्या वाघाला थांबावे असे कुठे ठिकाणच सापडत नाही. मोकळीक म्हणजे नुसता मोकळा गळा नव्हे. आपली म्हणावी अशी एखादी जागा आणि तिची कड ठाऊक असणे, हेही तिच्यात येते.

मुलांनी विचारले, "मग बंड्याला टिपेश्वरात का नेत नाहीत?" हा प्रश्न साधा नाही. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेण्यास बंदी आहे, आणि त्यामागे केवळ कुत्र्याच्या जिवाची काळजी नाही. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा रोग होतो. घरच्या कुत्र्याला लस टोचलेली असली की आपण तो विसरून जातो. पण हा विषाणू मार्जारकुळातही शिरतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. भोवतालच्या खेड्यांतली कुत्री हे त्याचे मूळ समजले गेले. आपल्या गीरमध्येही २०१८ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसाहून अधिक सिंह गेले, आणि तपासात याच विषाणूचे नाव पुढे आले. म्हणजे ज्या महिन्यांत इकडे एका वाघिणीमागे दोन इटालियन कुत्री धावत होती, त्याच महिन्यांत तिकडे डोळ्यांना न दिसणारा, कुत्र्यांच्या अंगावर पोसलेला एक जीव सिंहांच्या मागे लागला होता.

आणि उलटा व्यवहारही आहेच. बिबट्याला कुत्रा फार आवडतो. त्याच्या जेवणात, बरे का! आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. उसाच्या शेतांतून राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या मानाने जवळजवळ ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गायकीला हे आकडे सांगायची गरज नव्हती. राणीचा भाऊ मोत्या दोन वर्षांपूर्वी रात्री अंगणातून गेला होता. सकाळी फक्त ओढत नेल्याची रेघ होती. तेव्हापासून तो दोन्ही कुत्र्यांना दिवेलागणीला घरात घेतो. दिवसा मोकळी, रात्री आत. शहरात आपले नेमके उलटे चालते.

निघायच्या आदल्या सकाळी माळावर धुके होते. मुले अंथरुणातच होती. मी, मेहुणा आणि बंड्या एवढेच आलो होतो. गायकीची ढोरे आमच्या पुढे चालली होती आणि बंड्या आता राणीच्या मागे मागे, एखाद्या उमेदवारासारखा, अदबीने चालत होता. आठ दिवसांत त्याचे दोन किलो तरी वजन उतरले असावे.

पळसाच्या अलीकडे वीस पावलांवर राणी थांबली. भुंकली नाही. नुसती थांबली. तिच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिलेले मला धुक्यातूनही दिसले. काळ्या तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. ढोरांनी चरणे सोडून माना वर केल्या. बंड्या झोकात असल्यामुळे चार पावले पुढे गेला होता. मी हाक मारली असती तर त्याने ऐकले असते असे नाही, कारण चार वर्षांत 'ये' या शब्दाचा त्याने खाण्याखेरीज दुसरा अर्थ लावलेला नाही. पण त्याने मागे वळून राणीकडे पाहिले. ती येत नाही हे त्याला दिसले. तो चौतीस किलोचा देह पोटाशी शेपूट घालून मागे मागे सरकत आला आणि तिला टेकून उभा राहिला.

गायकीने जिभेने एक बारीक आवाज काढला. ढोरे गोळा झाली. "हाये," तो इतकेच म्हणाला.

आम्ही तसेच उभे राहिलो. पाच मिनिटे की पंधरा, कोण सांगणार? घळीच्या अंगाने माकडाचा खोकल्यासारखा एक आवाज आला, मग दुसरा, मग तो लांब लांब जात पार टेकडीकडे विरला. राणीच्या पाठीवरचे केस हळूहळू खाली बसले. तिने अंग झाडले आणि ती डाव्या हाताला, गावाच्या बाजूने, ढोरांना वळवू लागली. ऊन पडल्यावर गायकीने आम्हांला घळीच्या तोंडाशी नेले. ओल्या रेतीत ठसे होते. त्याने एका ठशावर आपला तळहात ठेवून मापले. "बिबट," तो म्हणाला. "मोठा असता तं हात पुरला नसता."

माझ्या खिशात पट्टा होता. त्या सगळ्या वेळात त्याची मला आठवणही झाली नव्हती.

आमच्या शहरांना कुत्र्यांची मैदाने हवीत, याबद्दल माझे मत आता अधिकच पक्के झाले आहे. वाढत्या अंगाच्या प्राण्याला, मग तो चार पायांचा असो की दोन, दिवसातून एकदा तरी जीव घेऊन पळता आले पाहिजे. पण कुंपण घालून भागत नाही. बंड्याला पळायला माळाने शिकवले. थांबायला शिकवले ते राणीने. जनावराला जनावराची संगत हवी, म्हाताऱ्या कुत्र्याचा धाक हवा आणि मालकाने गावच्या रीतीला मान द्यायला हवा. आमच्या टेकडीवर काठी उगारणाऱ्या गृहस्थाला मी आता नमस्कार करून पट्टा आखडतो. तीही कोणाची तरी हद्दच आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी सौभाग्यवतींनी एक बेत केला. हळदीकुंकवाला काही लुटायचे तर लसच लुटू, असे त्या भावाला म्हणाल्या. मेहुण्याने ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठले. यवतमाळहून लसी मागवल्या, एक पिसाळण्याविरुद्धची आणि एक डिस्टेंपरची. आमचा मुक्काम दोन दिवस लांबला. रविवारी सकाळी त्याच माळावर एका दगडावर बर्फाचा डबा ठेवून डॉक्टर बसले. मेहुण्याच्या वर्गातली मुले कुत्री धरून आणीत होती. कानतुटक्याला धरायला चौघे लागले आणि त्यातल्या एकाची चड्डी फाटली. एकूण अकरा कुत्र्यांना टोचून झाले.

गायकी लांब उभा राहून पाहत होता. मग जवळ आला. "मास्तर म्हनते, हे सुई वाघाले बी वाचवते. खरं हाये का जी?"

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याला रोग नाही झाला, तर त्याच्यापासून वाघ-बिबट्यालाही होणार नाही."

त्याने थोडा विचार केला. मोत्याची आठवण त्याला झाली असणार. मग तो मांडी घालून बसला, राणीचे डोके त्याने काखेत घेतले आणि म्हणाला, "टोचा."

दुसरी सुई चार आठवड्यांनी द्यायची होती. माघात मेहुण्याचा फोन आला. अकरापैकी नऊ कुत्र्यांना दुसरी सुई टोचून झाली होती. कानतुटक्या बर्फाचा डबा पाहताच घळीपलीकडे निघून गेला होता आणि त्याच्यामागे एक भुरकेही. राणी मात्र आपण होऊन येऊन बसली.

"आणि त्या दोघांचं काय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"उद्या परत जातो आहे, ताई," मेहुणा म्हणाला. "या खेपेला डबा लपवून नेणार."